सोळा किलोंचं भांडण

वहिनींचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. घराखालीच लाँड्री होती आणि त्या वेळेला भट्टीवाला बॉयलर पेटवायचा. आधी एक धक्का, मग भिंतीतल्या पाइपांची टकटक. ती टकटक पलंगाच्या पायापर्यंत आली की वहिनी उठून बसायच्या. नवरा पडूनच असायचा. त्याला कंबरेखाली उशी सरकवून, कूस बदलून, हातावर जोर देऊन उठायला वेळ लागायचा. त्याच्यासाठी थांबायचं वहिनींनी केव्हाच सोडून दिलं होतं.

वहिनी हे त्यांचं नाव नव्हे. धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून भट्टीवाला म्हणायला लागला. मग धुणारे, मग लॉजचे मॅनेजर, इस्पितळातल्या सिस्टर, पेट्रोल पंपावरची माणसं. एका माणसाची वहिनी होणंच त्यांना जड गेलं होतं, आणि आता अख्ख्या रस्त्याची होऊन बसल्या होत्या.

लाँड्री दोघा भावांची. थोरला म्हणजे वहिनींचा नवरा. तो पूर्वी गाडी चालवायचा, माल आणायचा, पोचवायचा. ओल्या चादरींची गाठोडी उचलून उचलून त्याची कंबर गेली. तेव्हापासून तो काउंटरमागे बसून चादरींच्या कोपऱ्यांना खुणेचे दोरे घालायचा. इस्पितळाला लाल, लॉजला निळा, जिमच्या टॉवेलांना पिवळा. बाकीचं सगळं धाकटा बघायचा. बघायचा म्हणजे खरोखरच बघायचा. उचलायचं काम दुसऱ्यांचं.

गाडी चालवायला कोणी नव्हतं तेव्हा वहिनी पुढे झाल्या. त्याआधी बारा वर्षं त्या रोलरपाशी उभ्या होत्या. रोलर म्हणजे तापलेलं आडवं पिंप. एका बाजूने एकीने ओलसर चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने दुसरीने ती कडक, वाफाळती ओढून घ्यायची. आत घालायला वहिनी, ओढायला धाकटी जाऊ. खोलीला खिडकी एकच, तीही अंगणातल्या भिंतीकडे. दुपारी बारानंतर त्या खोलीत घाम ओघळत नाही, तो अंगावरच वाळतो. वहिनींच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंत, रोलरच्या कडेने दिलेले डाग होते. नवे, जुने, एकावर एक.

अशा खोलीतून उठून माणूस स्टिअरिंगमागे बसला की त्याला काय वाटतं ते सांगायला नको. खिडकीतून वारा. बसायला सीट. आणि सकाळचे तीन तास समोर जाऊ नाही, मागे दीर नाही. गाडी जुनी, लांब पाठीची, मागची सीट काढून टाकलेली. डिकीच्या तळाला खळगा, खळग्यात स्टेपनी, तिच्यावर फळी, फळीवर गाठोडी. वहिनींनी त्या गाडीचे चार टायर पोटच्या पोरांसारखे सांभाळले. दर सोमवारी पंपावर हवा. हवावाला चारही चाकं झाली की विचारायचा, "वहिनी, स्टेपनी?" वहिनी मागे रचलेल्या गाठोड्यांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आहे ती. राहू दे."

एका सकाळी वहिनी अंगणात आल्या तेव्हा डिकी उघडी होती, फळी भिंतीला टेकवलेली होती आणि धाकटा कपडे मोजायच्या काट्याला स्टेपनी लटकवून उभा होता.

"सोळा किलो," धाकटा म्हणाला.

"कशाचे?"

"ह्याचे. रोज सोळा किलो फुकट फिरवतोय आपण. जाताना सोळा, येताना सोळा. पेट्रोल कोणाच्या खिशातनं जातं?"

"भाऊजी, ती स्टेपनी आहे. गाडीत असते."

"नव्या गाड्यांत नसते. सलूनमध्ये एक जण सांगत होता. कंपनीच देत नाही म्हणे. वजन नको म्हणून."

"मग नवी गाडी घ्या."

धाकट्याला राग आला की तो जास्तच आदराने बोलायचा. "तुम्ही शेवटची स्टेपनी कधी लावलीत, वहिनी? आठवून सांगा."

वहिनींनी ती कधीच लावली नव्हती. पण हे त्यांनी सांगितलं नाही.

"वजनच कमी करायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर दर शनिवारी इस्पितळाच्या हिशेबाला तुम्ही माझ्या शेजारी बसून येता. ते बंद करा. पाच स्टेपन्या उतरतील."

भट्टीवाला बॉयलरच्या दारामागे तोंड लपवून हसला. धाकट्याने ते ऐकलं.

"ड्रायव्हर बदलला तरी उतरतील," तो म्हणाला. "पन्नास किलोचा एखादा पोऱ्या मिळतो. आणि पोऱ्या उलट बोलत नाही."

वहिनी काउंटरकडे वळल्या. नवरा निळा दोरा ओवत होता. सुई अगदी डोळ्याजवळ धरून.

"अहो, तुम्ही चालवलीय ही गाडी. तुम्ही सांगा."

"दादा, सांग तूच," धाकटाही म्हणाला.

नवऱ्याने दोघांकडे बघितलं. "वजन आहे हे खरं," तो म्हणाला. "आणि पंक्चर होतं हेही खरं." मग त्याने दोरा तोडला आणि पाणी तापलंय का बघायला म्हणून आत गेला. पाणी तापलंय का हे बघायला भट्टीवाला होता. पण थोरल्याला भांडण दिसलं की पाण्याची काळजी वाटायची.

त्या दिवशी स्टेपनी बॉयलरमागे गेली. तिथे फुटक्या विटांचा ढीग होता. धाकट्याने ती विटांवर आपटली आणि हात झटकले. मोकळ्या झालेल्या खळग्यात त्याने जिमच्या टॉवेलांचं एक गाठोडं कोंबलं. येताना तिथे न धुतलेले टॉवेल यायचे, घामाने आणि आंघोळीच्या पाण्याने निथळणारे. लाँड्रीत कपडा कोरडा तोलतात, बिल कोरड्या वजनाचं होतं, म्हणून धाकट्याच्या डोक्यात प्रत्येक गाठोडं कोरडंच असायचं. ते ओलं गाठोडं स्टेपनीपेक्षा जड होतं. वहिनींना ते उचलतानाच कळलं. त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर धाकट्याने टॉवेल आधी पिळून आणायला सांगितलं असतं, आणि पिळणार कोण, तर वहिनीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बॉयलरचा पहिला धक्का बसला तेव्हा वहिनी अंगणात होत्या. त्यांनी विटांवरून टायर उभा केला, गडगडत गाडीपर्यंत आणला, मांडीचा टेकू देऊन उचलला आणि खळग्यात टाकला. अंधुक उजेडात तो नीट बसायचा नाही. खळग्याच्या मधोमध स्टेपनी आवळायचा बोल्ट उभा असतो, त्यावर टायर आपटायचा, मग सरकायचा, मग बसायचा. वहिनी वरून पायाने दाबायच्या आणि फळी टाकायच्या.

संध्याकाळी धाकट्याने तो काढला. विटांवर आपटला.

सकाळी वहिनींनी घातला.

असं महिनाभर चाललं. तोंडाने कोणी काही बोलत नव्हतं. जेवायला एकाच टेबलावर बसायचे, भाजीचं भांडं एकमेकांकडे सरकवायचे, "घ्या ना वहिनी", "तुम्ही घ्या भाऊजी". आणि खाली जाऊन तोच टायर एकाने काढायचा, एकीने घालायचा. आपटण्याचा आवाज काउंटरपर्यंत ऐकू यायचा. थोरला मान खाली घालून दोरे घालत राहायचा.

"वहिनी," भट्टीवाला एकदा म्हणाला, "हा टायर रस्त्याला न लागताच झिजणार बघा."

"तू तुझा कोळसा बघ."

"मी आपलं टायरच्या बाजूने बोललो. तुम्हा दोघांच्या बाजूने बोलायला माणसं आहेत."

"कुठं आहेत?" वहिनी म्हणाल्या. भट्टीवाल्याने काउंटरकडे बघितलं आणि तो कोळसा ओढायला लागला.

शेवटी वहिनींनी साखळी आणली. बाजूच्या हार्डवेअरवाल्याकडून चांगली जाड, आणि तिला कुलूप. टायरच्या भोकातून साखळी ओवली, गाडीच्या तळाला असलेल्या लोखंडी कडीतून फिरवली, कुलूप ठोकलं आणि किल्ली गाडीच्या किल्लीबरोबर एकाच रिंगमध्ये अडकवली. त्या संध्याकाळी धाकट्याने फळी उचलली, साखळी बघितली, दोनदा हिसकून पाहिली. मग तो वर आला. जेवण चालू होतं.

"ठेवा," तो म्हणाला. "स्टेपनी ठेवा. पण माझं एक ऐका. माल तेवढाच जाईल, तेवढ्याच खेपांत. एक गाठोडं मागे राहिलं किंवा इस्पितळाच्या चादरी एका दिवशी जरी उशिरा पोचल्या, तर गाडीची किल्ली माझ्याकडे. तुम्ही रोलरवर."

"आणि नाही झाला उशीर तर?"

"तर मी पुन्हा बोलणार नाही."

"स्टेपनीबद्दल?"

"कशाहीबद्दल."

"एवढं नशीब कुठलं," वहिनी म्हणाल्या. "चालेल."

नवऱ्याने तेवढ्यात पाणी प्यायला घेतलं. ग्लास बराच वेळ तोंडाला होता.

त्यानंतर वहिनींनी जी मेहनत केली ती बघायला पाहिजे होती. खळग्याची जागा गेली होती, ती त्यांनी दुसरीकडून काढली. शेजारच्या सीटवर उशांच्या खोळी. सीटखाली पायपुसणी. टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करून दारांच्या कप्प्यांत. गाठोडी बांधायची जुनी पद्धत सोडून त्यांनी चादरी सपाट, विटांसारख्या रचायला घेतल्या. त्यासाठी रोज अर्धा तास आधी खाली यायचं. गाडी इतकी भरायची की गिअर टाकताना कोपर कपड्यात रुतायचं. एकही गाठोडं मागे राहिलं नाही. धाकटा रोज सकाळी कंबरेवर हात ठेवून राहिलेलं गाठोडं शोधायचा. वहिनी त्याच्या समोरून आरामात गाडी काढायच्या. कधीकधी हॉर्नही द्यायच्या, समोर कोणी नसताना.

हवावाला दर सोमवारी विचारायचा, "वहिनी, स्टेपनी?"

आता तर वर सपाट रचलेला माल, खाली फळी, फळीखाली साखळी-कुलूप. ते सगळं उकरायचं म्हणजे अर्ध्या तासाची मेहनत मातीत.

"आहे ती," वहिनी म्हणायच्या. "कुलपात आहे."

पंक्चर झालं ते इस्पितळाच्या वाटेवर, कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. दुकान नाही, टपरी नाही. पुढचं डावं चाक बसलं आणि गाडी खेचायला लागली. वहिनींनी ती कडेला घेतली, उतरल्या, बघितलं. टायरमध्ये खिळा होता, डोकं चकचकीत.

वहिनींना वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. महिनाभर उचललेल्या, आपटलेल्या, साखळीने बांधलेल्या त्या सोळा किलोंचा आज उपयोग होता. ऑपरेशनच्या खोलीच्या चादरी आठच्या आत लागायच्या, वेळ भरपूर होता. आज संध्याकाळी भाजीचं भांडं सरकवताना काय बोलायचं हेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

त्यांनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीकडेला पसरला आणि माल उतरवला. हात पदराला पुसून पुसून, एक एक चादर, कडेला धूळ लागू न देता. फळी काढली. कुलूप उघडलं. टायर बाहेर ओढला. नट गच्च होते, पान्यावर उभं राहून अंगाचं सगळं वजन टाकलं तेव्हा एक एक हलला. गाडी जॅकवर चढवली, बसलेलं चाक काढलं, स्टेपनी गुडघ्यावर घेऊन भोकांना भोकं लावली, नट हाताने फिरवले, मग पान्याने. गाठोड्याची गाठ आवळतात तसे आवळले. जॅक उतरवायला घेतला.

गाडी खाली आली. टायर जमिनीला टेकला. गाडी आणखी खाली आली. टायर पसरला. गाडी आणखी खाली आली आणि रिमचं लोखंड डांबरावर टेकलं.

वहिनींनी जॅकचा दांडा हातात तसाच धरला होता. त्यांनी टायरला लाथ मारली. पिशवीला मारावी तशी ती आत गेली.

त्यांनी लाँड्रीत फोन लावला. नवरा उचलेल असं वाटलं होतं. धाकट्याने उचलला.

"गाडी पंक्चर आहे. कारखान्यांच्या मागे."

"मग स्टेपनी लावा."

नाल्यापलीकडून कारखान्याचा भोंगा वाजला. "लावली. तिच्यात हवा नाही."

मग धाकटा म्हणाला, "चला, तेवढं हवेचं वजन तरी वाचलं आपलं."

आणि त्याने फोन ठेवला.

तो स्कूटरवर आला. वहिनींकडे बघितलं नाही. ऑपरेशनच्या चादरी पायांशी आणि मागे बांधल्या आणि गेला. परत आला, पुन्हा घेऊन गेला. वहिनींनी स्टेपनी पुन्हा उतरवली आणि दोन्ही टायर एकामागून एक हाताने ढकलत पंक्चरवाल्याकडे नेले. एक थोडा पुढे न्यायचा, भिंतीला टेकवायचा, परत येऊन दुसरा आणायचा. बसलेला टायर गडगडत नाही, त्याला पावलापावलाला धक्का द्यावा लागतो. हाताच्या जुन्या डागांवर रबराची काजळी चढली.

पंक्चरवाल्याने खिळ्याचं चाक चुटकीसरशी करून दिलं. स्टेपनी पाण्याच्या टाकीत बुडवली, फिरवली. टायरला काही नव्हतं. मग व्हॉल्व्हजवळ बुडबुडे आले. त्याने व्हॉल्व्ह बोटाने हलवला. तो मुळापाशी वाकलेला होता आणि रबर चिरलेलं.

धाकटा नेमका तेव्हाच इस्पितळातून परत येऊन स्कूटर लावत होता.

"हा टायर कोणी आपटायचा का?" पंक्चरवाल्याने विचारलं.

त्याने चिरलेलं रबर बोट लावून दाखवलं.

"एकदोनदा आपटून असं होत नाही. रोजचं आपटणं दिसतंय हे. विटेवर, नाहीतर कशाच्या तरी टोकावर."

धाकट्याने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी धाकट्याकडे.

"टोकावर," धाकटा म्हणाला. "डिकीत बोल्ट असतो."

"विटेवर," वहिनी म्हणाल्या. "बॉयलरमागे ढीग असतो."

"मला काय," पंक्चरवाला म्हणाला. "व्हॉल्व्ह एकच आहे. नवा टाकू का तेवढं सांगा."

"इस्पितळात चादरी किती वाजता पोचल्या?" वहिनींनी विचारलं.

"शेवटची खेप साडेआठला. सिस्टर दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, तुमच्या वहिनी कुठंयत? पेशंट टेबलावर आहे."

वहिनींनी रिंग काढली. गाडीची किल्ली आणि कुलपाची किल्ली, दोन्ही. त्याच्या हातावर नाही ठेवली, पंक्चरवाल्याच्या स्टुलावर ठेवली. धाकट्याने तिथून उचलली.

घरी आल्यावर नवरा काउंटरमागे होता. लाल दोरा. वहिनी त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"व्हॉल्व्ह जाणार ते. तुम्ही एवढी वर्षं चालवलीत. महिनाभर आवाज ऐकत होतात."

नवऱ्याने सुई कापडात खोचून ठेवली. "वाटलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाच्या बाजूने बोलू?"

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. धाकट्याचा त्यांना राग होता, तो सोपा होता, हाताशी होता. हा राग कुठे ठेवायचा तेच त्यांना कळेना. "टायरच्या बाजूने बोलायचं," त्या म्हणाल्या. "भट्टीवाल्याला जमलं तेवढं." आणि त्या वर गेल्या. पुढे कित्येक दिवस त्या नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. तशा आधीही फार बोलत नव्हत्या, पण आता त्यालाही फरक कळत होता.

दुसऱ्या दिवशी पाइपांची टकटक झाली तरी वहिनी उठल्या नाहीत. उजाडलं, रोलर तापला, जाऊ आपल्या बाजूला येऊन उभी राहिली, आत घालणारं कोणी नाही. धाकटा जिना चढून आला.

"वहिनी, रोलर रिकामा चाललाय."

"पगार किती देणार?"

"कसला पगार?"

"बाहेरची बाई ठेवलीत तर तिला जेवढा द्याल तेवढा. गाडीत होते तोवर घरचं काम म्हणून केलं, कारण ते मला आवडत होतं. रोलर मला आवडत नाही."

"घरच्या माणसाला कोणी पगार देतं का?"

"नाही देत. म्हणून मी बसलेय. घरची माणसं घरात बसतात."

धाकट्याने जिन्यावरून खाली भावाकडे बघितलं. थोरल्याने या वेळी पाण्याचं नाव काढलं नाही. पण बोललाही नाही. खाली चादरींचा ढीग ओला होता आणि ओली चादर थांबत नाही, तिला वास येतो. आणि त्या खोलीत उभं राहायला बाहेरची बाई शोधून आणायची म्हणजे आठवडा गेला असता. जी यायची ती दुपारपर्यंत पळायची.

"ठीक आहे," धाकटा म्हणाला. "पण एक मिनिट उशीर चालणार नाही."

"चालू द्या मग रोलर."

वहिनी खाली आल्या. खोलीच्या दारात जाऊ उभी होती. सगळं तिने ऐकलेलं होतं.

"आलात परत?" ती वहिनींना म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. मग ती आपल्या नवऱ्याकडे, धाकट्याकडे, वळली. "मग मलाही."

"काय तुलाही?"

"पगार. मी काय आत घातलेल्या चादरी हवेतून काढते?"

दोघी जावांमध्ये चौदा वर्षांत एवढं एकच एकमत झालं. त्यानंतर पुन्हा झालं नाही.

नवा ड्रायव्हर आला. खरंच पन्नास किलोचा होता. पहिल्या सकाळी धाकट्याने त्याला अंगणात उभं करून बजावलेलं वहिनींनी रोलरच्या धडधडीतूनही ऐकलं. "स्टेपनी काढायची नाही. आणि तिची हवा रोज बघायची. चार टायर नंतर, आधी स्टेपनी." वहिनींच्या हातातली चादर तिरकी गेली आणि तिला सुरकुती पडली. पलीकडून जाऊ म्हणाली, "लक्ष कुठंय?" वहिनींनी कडेचा नवा डाग दुसऱ्या हाताने चोळला आणि पुढची चादर घेतली.

त्या खोलीत त्यांनी आणखी तीन उन्हाळे काढले. पगार हातात आला की त्या तो वर नेऊन पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. साडी घेतली नाही, चप्पल शिवून शिवून वापरली. नवऱ्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. धाकटा एकदा म्हणाला, "वहिनी, एवढं साठवून काय करणार?" वहिनी म्हणाल्या, "तुमचं वजन करायला मोठा काटा घेणार."

मग एक दिवस बेकरीवाल्याने गाडी विकायला काढली. छोटी, मागे बंद टपाची. त्याचा मुलगा परगावी गेला होता आणि पहाटे पाव पोचवायला त्याला माणूस हवा होता. गाडी आणि काम दोन्ही एकत्र. वहिनी बघायला गेल्या. इंजिन ऐकलं, चारही टायर बोटाने दाबले, मागचं दार उघडलं, तळाची फळी उचलली. खळगा रिकामा होता.

"स्टेपनी नाही हं," बेकरीवाला म्हणाला. "मीच काढली. पाव किती हलका असतो. त्याच्यासाठी एवढं लोखंड कशाला फिरवायचं?"

वहिनी त्या खळग्याकडे बघत उभ्या राहिल्या. मधोमध बोल्ट उभा होता, गंजलेला. आता पेट्रोल त्यांच्या खिशातून जाणार होतं. सोळा किलो जाताना, सोळा किलो येताना. धाकट्याने काट्याला टायर लटकवला होता तेव्हा त्याला काय वाटत असेल ते त्यांना पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणून तो आवडला असं नाही.

"काढली तेव्हापासून कधी अडला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"एकदाच."

"मग काय केलंत?"

"पाव वाटून टाकले रस्त्यावर. शिळे झाले असते."

वहिनींनी फळी खाली टाकली. गाडीचे पैसे दिले. डबा जवळजवळ रिकामा झाला. लाँड्रीत परत येऊन त्यांनी रोलर बंद व्हायची वाट बघितली, हात धुतले आणि धाकट्याला सांगितलं की उद्यापासून दुसरी बाई बघा.

"पाव वाहणार तुम्ही?" धाकटा म्हणाला.

"पाव उलट बोलत नाही."

महिन्याचा शेवटचा पगार हातात पडला. त्या आपली गाडी घेऊन तडक पंक्चरवाल्याकडे गेल्या. नवरा, कोणी न सांगता, हळूहळू पावलं टाकत मागून आला. पंक्चरवाल्याने रिम आणि टायर आतून काढून दिला, जुनाच, पण नक्षी शाबूत असलेला.

"गाडीच्या चारांत हवा भरू ना आधी?" त्याने विचारलं.

"आधी ह्याच्यात."

हवा भरून झाली. वहिनींनी टायर उचलला, खळग्याच्या बोल्टच्या बाजूने तिरका धरला आणि आवाज होऊ न देता खाली ठेवला. नवरा कंबर धरून, एक गुडघा टेकून खाली बसला. व्हॉल्व्हवर टोपण नव्हतं. त्याने खिशातून एक काढलं आणि घट्ट फिरवून बसवलं. वहिनी बघत होत्या. मग त्यांनी त्याला उठवायला हात दिला.

तीन उन्हाळ्यांच्या रोलरवरच्या घामातून चार टायरांची गाडी आली होती. शेवटच्या महिन्याचा पगार पाचव्याला गेला.